ट्रॅक्टरचं चाक जागेवर फिरतंय? वजन टाकायच्या आधी हवा बघा, आणि हवेच्याही आधी नांगर

उन्हाळी नांगरट सुरू झाली की आमच्याकडे एक सीन दरवर्षी दिसतो. ४५ एचपीचा टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर, मागं दोन फाळी पल्टी (दोन्ही बाजूंना उलटवता येणारा नांगर), आणि पुढच्या बंपरवर दोन पोरं उभी. का तर ट्रॅक्टर पुढून उठतोय आणि मागची चाकं जागेवर फिरायलीत. मग कुणी म्हणतं टायरात पाणी भरा, कुणी म्हणतं बिडाच्या प्लेटा लावा, कुणी म्हणतं हवा फुल करा म्हणजे टायर कडक होऊन जमीन धरतो (हे तर एकदम उलटं आहे). मी स्वतः हे सगळं करून बसलोय, त्यात एक ट्यूब घालवलीय आणि एक अख्खा हंगाम उगाच पाणी भरलेली जड चाकं घेऊन रोटर (फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारं अवजार) मारलाय. म्हणून जे शिकलो ते क्रमानं लिहितो, कारण माझ्या मते सगळी गंमत क्रमातच आहे. वजन हा शेवटचा उपाय आहे आणि आपण तोच सगळ्यात आधी करतो.

लेख काळ्या जमिनीत चालणाऱ्या ४० ते ५० एचपीच्या ट्रॅक्टरला धरून लिहिलाय, मागं १३.६-२८ किंवा १४.९-२८ चे टायर, पुढं ६.००-१६ किंवा ६.५०-१६. तुमचा साइज वेगळा असला तरी पद्धत तीच, आकडे मात्र तुमच्या मॅन्युअलमधून घ्या.

आधी घसर मोजा, नुसतं बघून बोलू नका

चाक थोडं घसरणारच. अजिबात घसरत नसेल तर ट्रॅक्टर गरजेपेक्षा जड आहे, म्हणजे डिझेल स्वतःचंच वजन ओढण्यात चाललंय आणि जोराचा सगळा मार गिअर आणि एक्सलवर येतोय. टू व्हील ड्राइव्हला नांगरटीत साधारण ८ ते १५ टक्के घसर ही चांगली. १५ च्या वर गेली की टायर आणि डिझेल दोन्ही जळतंय, ५ च्या खाली आली की वजन जास्त झालंय.

मोजायला काही मशीन लागत नाही. मागच्या चाकावर खडूनं किंवा चुन्यानं एक ठळक खूण करा. ज्या रानात काम चाललंय तिथंच, न नांगरलेल्या भागात, नांगर वर उचलून, कामाच्याच गिअरमध्ये चाकाचे मोजून १० फेरे होऊ द्या आणि किती मीटर गेला ते टेपनं मोजा. मग नांगर खाली टाकून, नेहमीची खोली धरून, परत १० फेरे आणि परत टेप. रिकाम्या अंतरातून कामाचं अंतर वजा करायचं, त्याला रिकाम्या अंतरानं भागायचं आणि १०० नं गुणायचं, झाली टक्केवारी.

माझ्याकडे पहिल्यांदा मोजलं तेव्हा रिकामं ३९ मीटर आणि नांगर टाकून फक्त ३० मीटर आलं. म्हणजे २३ टक्के. आता हे २३ टक्के म्हणजे काय ते सांगतो, कारण नुसत्या टक्क्यानं पोटात गोळा येत नाही. दोन फूट रुंदीचा नांगर धरला तर एक एकराला ट्रॅक्टर साधारण पावणेसात किलोमीटर चालतो, घसर २३ टक्के असली की चाकं मात्र पावणेनऊ किलोमीटर फिरतात. तीच घसर १२ टक्क्यांच्या आत आणली की चाकांचं फिरणं एकराला अकराशे मीटरनं कमी होतं, आणि चाकाचा वेग ताशी ५ किलोमीटर धरला तर एकरामागं तेरा-चौदा मिनिटं वाचतात. दहा एकराला सव्वादोन तास. मंग डिझेलचा हिशोब तुमचा तुम्ही करा.

टेप नसला तर मागं वळून चाकाचा ठसा बघा. दाड्यांचे ठसे (टायरवरचे ते जाड आडवे लग, आम्ही दाड्या म्हणतो) एकदम स्वच्छ शिक्का मारल्यासारखे उमटले असतील तर वजन जास्त. ठसा दिसतच नाही, नुसती माती खरवडून मागं फेकलीय, तर वजन कमी. मधला भाग विस्कटलेला पण कडेचे दाडीचे ठसे अंधुक ओळखू येतात, हे बरोबर. अंदाजासाठी ही पद्धत चांगली आहे, पण एकदा तरी टेप लावाच.

रान आणि नांगर

काळी जमीन वाफशावर (ना फार ओली, ना फार कोरडी) नसेल तर जगातलं कुठलंच वजन कामाला येणार नाही. ओली असली की दाड्यांच्या फटीत चिखल भरतो, टायर गुळगुळीत होतो आणि वजन टाकलं की नुसता खोल रुततो. मुठीत माती दाबून बघा, गोळा होऊन चिकटून राहिला तर दोन दिवस थांबा, बोटानं दाबल्यावर फुटला तर चला. दोन दिवस थांबायला पैसे लागत नाहीत, पण ओलं रान दाबून तळ घट्ट करून ठेवला तर पुढची दोन-तीन वर्षं मुळ्या आणि पाणी दोन्ही तिथंच अडतात.

मग नांगर. फाळ झिजून बोथट झालेला असला की नांगर जमिनीत शिरत नाही, मग आपण टॉप लिंक (नांगर ट्रॅक्टरला जोडणारा वरचा दांडा) आवळून त्याचं नाक खाली दाबतो, मग तो एकदम खोल जातो आणि ट्रॅक्टर अडकतो, आणि दोष कुणाला, तर टायरला. नवा फाळ किंवा लोहाराकडून धार काढून आणलेला फाळ टाकून बघा. टॉप लिंक अशी ठेवा की काम करताना नांगराची फ्रेम बाजूनं बघितली तर जमिनीला समांतर दिसेल. मागून बघितलं तर डावं-उजवंही समान पाहिजे, नाहीतर एकाच बाजूचा फाळ सगळी ओढ घेतो. पल्टीत दोन्ही बाजूंनी पलटी मारून वेगवेगळं तपासा, एका बाजूला बरोबर आणि दुसऱ्या बाजूला वाकडं असं फार वेळा असतं.

खोलीचंही बघा. ९ इंचाला नीट चालणारा ट्रॅक्टर १२ इंचाला रडतो, यात त्याचा काय दोष? ज्या रानात गरज नाही तिथं उगाच खोल घालायची सवय आपल्याला भाड्याच्या नांगरटीनं लागली, मालक बांधावर उभा राहून "अजून खाली घे" म्हणतो म्हणून.

आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे लिफ्टचे दोन लिव्हर. नांगराला ड्राफ्ट कंट्रोल (ओढीप्रमाणं नांगर वर-खाली करणारा) वापरायचा असतो, पोझिशन कंट्रोल (अवजार एकाच उंचीवर धरून ठेवणारा) नाही. हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयरिश माणसानं जवळपास शंभर वर्षांपूर्वी ही आयडिया काढली, आणि हलक्या ट्रॅक्टरनं जड नांगर ओढायचं गणित त्यानंच सोडवलं. जमीन कडक लागली, ओढ वाढली की हायड्रॉलिक नांगराला किंचित वर घ्यायला बघतं, त्या क्षणी नांगराचं वजन आणि मातीचा खालचा दाब मागच्या चाकांवर येतो आणि पकड मिळते. म्हणजे नांगर स्वतःच तुमचं वजन होतो, फुकटात. मी ज्या ज्या पोरांना "चाक फिरतंय" म्हणून फोनवर विचारलं की लिव्हर कुठला लावलाय, त्यातले निम्मे पोझिशनवर चालवत होते.

टायर बघा, मग हवा

दाड्या निम्म्याच्या वर झिजल्या असतील तर सरळ टायरचा खर्च काढा. टायर उलटा बसवलाय का तेही बघा, साइडवॉलवर फिरायच्या दिशेचा बाण असतो, पंक्चर काढल्यावर उलटा चढवलेला टायर मी दोनदा बघितलाय.

आता हवा. आपल्याकडे बहुतेक टायर नायलॉनचे, ट्यूबवाले. त्यांना मॅन्युअलमध्ये शेतीकामासाठी मागं सहसा १२ ते १४ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि पुढं २४ ते ३० च्या दरम्यान लिहिलेलं असतं, ट्रॉलीसाठी मागं त्यापेक्षा जास्त, बऱ्याच ठिकाणी १८-२० पर्यंत. नेमका आकडा तुमच्या टायरवर आणि मॅन्युअलमध्ये बघा. पण गावात काय होतं, उसाच्या हंगामात ट्रॉलीसाठी भरलेली हवा तशीच मार्चमध्ये नांगराला जाते. टायर फुगलेला, मधलाच पट्टा जमिनीला टेकतो, कडेच्या दाड्या हवेत. हवा कमी केली की टायर थोडा बसतो, त्याचा पाय लांबट होतो, एका वेळी जास्त दाड्या मातीत रुततात. पकड तिथून येते.

मातीवरचा दाबही साधारण टायरातल्या हवेएवढाच असतो, टायरच्या कडकपणामुळं थोडा जास्त. म्हणजे २० वरून १३ वर आणलं की वरची माती कमी दाबली जाते. खोलवर होणारं दाबणं मात्र हवेवर नाही, एक्सलवर किती वजन आहे त्यावर ठरतं, हे लक्षात असू द्या, पुढं वजनाच्या वेळी लागेल.

गेज स्वतःचा घ्या. पंक्चरवाल्याकडचा गेज ट्रकसाठी असतो, १५० पर्यंतचा, त्याच्यावर १२ आणि १८ मधला फरक काटा नुसता थरथरतो तेवढाच. कमी दाबाचा, शून्य ते ५०-६० पर्यंतचा साधा गेज मिळतो. आणि सकाळी, ऊन चढायच्या आत, ट्रॅक्टर उभा असताना मोजा. एप्रिलच्या उन्हात काळा टायर तापला की तीच हवा दोन-तीन पीएसआय जास्त दाखवते, मग तुम्ही दुपारी सोडून देता आणि सकाळी टायर बसलेला.

हवा किती खाली न्यायची याला मर्यादा आहे. मी पहिल्या वर्षी हुशारी करून ८ वर आणली, पकड झकास आली, आणि तिसऱ्या दिवशी टायर रिमवर सरकून ट्यूबचा वाल मुळातून फाटला. जास्त ओढ असली की रिम फिरतं आणि टायर मागं राहतो, आतली ट्यूब त्यांच्यात पिळली जाते. म्हणून टायर आणि रिम दोन्हीवरून एक सरळ रेघ पेंटनं ओढून ठेवा. रोज संध्याकाळी बघा, रेघ तुटली म्हणजे टायर सरकतोय, हवा दोन पीएसआय वाढवा. नायलॉन टायर १२ च्या खाली नेऊ नका असं माझं मत. रेडियल टायर असेल तर तो कमी हवेवरही चालतो, पण त्याचाही आकडा कंपनीच्या तक्त्यातूनच घ्यायचा. दोन्ही मागच्या चाकांत हवा एकसारखी ठेवा.

नांगर नीट लावून आणि हवा १३ वर आणून मी परत मोजलं तर रिकामं ३८.५ मीटर आलं (हवा कमी केली की चाकाचा घेर किंचित बदलतो, म्हणून रिकामं अंतरही परत मोजायचं) आणि नांगर टाकून ३२. म्हणजे १७ टक्के. २३ वरून १७, एक रुपयाचं वजन न टाकता. बऱ्याच जणांचं काम इथंच होतं, होत असेल तर पुढचं वाचायची घाई करू नका.

भुईकाट्यावर जा

अजून घसर जास्त असेल तर आता वजन. पण किती आणि कुठं हे अंदाजानं नाही. कारखान्याच्या किंवा बाजार समितीच्या भुईकाट्यावर जाऊन तीन वजनं घ्या. आख्खा ट्रॅक्टर, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. काटा आणि बाहेरची जमीन समपातळीत पाहिजे, ब्रेक दाबून ठेवायचा नाही. नांगर जोडून उचललेल्या स्थितीतही एकदा घ्या.

मागं उचलून न्यायचं अवजार असेल तर टू व्हील ड्राइव्हला साधारण ६५ टक्के वजन मागं आणि ३५ पुढं असं धरतात, ओढायचं अवजार असेल तर ७५-२५ चालतं. एकूण वजन किती असावं याचा ढोबळ हिशोब पीटीओच्या (ट्रॅक्टरमागं अवजार फिरवायचा दांडा असतो तो) एचपीमागं ५५ ते ६५ किलो, काम हळू आणि जड असेल तर वरचा आकडा, वेगात हलकं काम असेल तर खालचा. ४५ एचपी इंजिनाला पीटीओवर ३८ च्या आसपास मिळतात, म्हणजे नांगराला २४००-२४५० किलोपर्यंत.

समजा ट्रॅक्टर २००० किलो, पुढं ७००, मागं १३००. दोन्ही मागच्या टायरात मिळून ३५० किलो पाणी भरलं तर मागं १६५०. पुढं १०० किलोच्या प्लेटा लावल्या तर पुढं नुसते १०० वाढत नाहीत, कारण त्या पुढच्या एक्सलच्याही पुढं लटकतात. दोन एक्सलमधलं अंतर २ मीटर आणि प्लेटा पुढच्या एक्सलच्या ६० सेंटीमीटर पुढं धरल्या तर पुढं १३० वाढतात आणि मागचे ३० कमी होतात. म्हणजे पुढं ८३०, मागं १६२०, एकूण २४५०. टक्केवारी ३४-६६. जमलं.

नांगराचंही असंच उलट्या बाजूनं. ४०० किलोचा नांगर, त्याचा भार मागच्या एक्सलच्या १ मीटर मागं धरला तर उचलल्यावर मागं ६०० वाढतात आणि पुढचे २०० कमी होतात. कुठलंही अवजार उचललेलं असताना पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान २० टक्के तरी राहायलाच पाहिजेत, नाहीतर स्टिअरिंग फिरवून उपयोग नाही, ट्रॅक्टर सरळच जातो. पुलावर हे झालं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासायची संस्था आहे, तिथं तुमच्या मॉडेलची टेस्ट झाली असेल तर तो रिपोर्ट मिळवा. त्यात वजन न टाकता आणि टाकून ट्रॅक्टरनं किती ओढ दिली ते असतं, आणि किती पाणी नि किती बिडाचं वजन लावलं होतं तेही. जाहिरातीपेक्षा ते चार कागद बरे.

टायरात पाणी भरायची पद्धत

पाणी का, तर स्वस्त आहे आणि वजन चाकातच राहतं, एक्सलवरून लटकत नाही. १३.६-२८ ला एका टायरात साधारण पावणेदोनशे लिटर आणि १४.९-२८ ला सव्वादोनशेच्या आसपास बसतं. तेही पाऊण भरून.

पक्क्या जागेवर ट्रॅक्टर लावा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके किंवा दगड लावा. मागचा एक्सल जॅकनं उचला, चाक जमिनीपासून नुसतं सुटेल एवढाच, आणि जॅकवर भरवसा ठेवू नका, खाली लाकडी ठोकळे रचा. चाक फिरवून वाल एकदम वर आणा, घड्याळात १२ वाजतात तिथं. आता वालची पिन काढून हवा सोडा. हळू काढा, ती गोळीसारखी उडते आणि मातीत शोधत बसावी लागते. मग पाणी भरायचं नोझल लावा, त्यात हवा बाहेर जायला वेगळी नळी असते. ते नोझल नसेल तर थोडं पाणी, थोडी हवा सोड, परत पाणी, असं करत करत होतं, पण अर्धा दिवस जातो, पंक्चरवाल्याकडे नोझल असतंच.

हवेच्या नळीतून पाणी यायला लागलं की पाणी वालच्या पातळीला आलं, म्हणजे टायर पाऊण भरला. थांबा. वरची पाव जागा हवेला लागते, तीच टायरची स्प्रिंग आहे. पूर्ण भरला तर टायर दगडासारखा होतो, बसत नाही, खड्ड्यात आदळला की धक्का सरळ एक्सलला. पिन लावा, हवा भरा, जॅक काढा, आणि मग वाल वरच ठेवून हवा मोजा. वाल खाली असताना मोजली तर वरच्या पाण्याचा दाब मिळून एक-दीड पीएसआय जास्त दाखवतं, आणि गेजात पाणी जातं ते वेगळंच. पाणी भरल्यावर हवेची जागा कमी उरलेली असते, म्हणून थोडी गळती झाली तरी दाब पटकन पडतो. आठवड्याला बघायचात तर आता तीन दिवसाला बघा.

दुसऱ्या चाकालाही तेवढंच. पाणी गोडं वापरा. यूट्यूबवर परदेशी लोक पाण्यात कॅल्शियम क्लोराइड टाकताना दिसतात ते तिकडं पाणी गोठतं म्हणून, आपल्याकडं त्याची काही गरज नाही, उलट ट्यूब गळली की रिम खाऊन टाकतं.

पाण्याऐवजी चाकाला बिडाची वजनं लावायची असतील तर तीही चांगली, महाग पण काढघाल सोपी. ज्यांचं काम दर आठवड्याला बदलतं त्यांनी तीच घ्यावी. बोल्ट मात्र पहिल्या दिवसानंतर परत आवळा.

पुढं कंपनीच्याच प्लेटा, कंपनीच्याच ब्रॅकेटवर. बंपरला तारेनं बांधलेले दगड, वाळूची पोती, आणि ती वर सांगितलेली पोरं, हे सगळं बंद. पुढून उठलेला ट्रॅक्टर परत आपटतो तेव्हा बंपरवरचं पोरगं पुढच्या चाकाखाली जातं. आणि पुढचं वजन वाढवलं की पुढच्या टायरातली हवाही मॅन्युअलप्रमाणं वाढवा. सगळं मिळून टायरवर लिहिलेल्या वजनाच्या मर्यादेबाहेर आणि ट्रॅक्टर कंपनीनं दिलेल्या मर्यादेबाहेर जाता कामा नये.

यानंतर माझं मोजमाप रिकामं ३८.५ आणि नांगर टाकून ३४, म्हणजे पावणेबारा टक्के. मी इथं थांबलो. अजून वजन टाकून ७-८ वर आणता आलं असतं, पण एक्सलवरचं वजन वाढलं की रान खोलवर दाबतं हे वर लिहिलंच आहे, आणि नांगरून तळ मोकळा करायचा नि चाकानं परत दाबायचा यात काय अर्थ.

तरीही अडचण असेल तर

एकच चाक फिरतंय आणि दुसरं उभं, तर वजनाचा प्रश्न नाही, डिफ लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी कळ) वापरा. क्लच दाबून, चाकं थांबलेली असताना लावायचा, सरळ चालताना वापरायचा आणि वळायच्या आधी सोडायचा. लावून वळलात तर ट्रॅक्टर वळत नाही आणि आत काहीतरी तुटतं. नांगरटीत एक चाक सरीत आणि एक वर असतं, वरचं हलकं पडून आधी फिरतं, त्यामुळं थोडंफार हे होणारच.

ट्रॅक्टर घोड्यासारखा उड्या मारत चालतो, हे फोर व्हील ड्राइव्हला कोरड्या कडक रानात जास्त होतं. तिथं पुढची हवा दोन-दोन पीएसआयनं बदलून बघा, वजनाची वाटणी ४० पुढं ६० मागं अशी आणा. आणि फोर व्हीलचे पुढचे-मागचे टायर ठरलेल्या जोडीतच पाहिजेत, पुढची चाकं मुद्दाम किंचित जास्त वेगानं फिरतील अशी गिअरची रचना असते. पुढं नवे आणि मागं झिजलेले, किंवा एकच साइज बदलून टाकला, की ते गणित बिघडतं.

रोटरला घसर कमी करायला वजन लागतच नाही. रोटरची पाती स्वतःच ट्रॅक्टरला पुढं ढकलतात, ताकद पीटीओतून जाते, चाकातून नाही. पाणी भरून रोटर मारणं म्हणजे माझा तो वाया गेलेला हंगाम. फक्त रोटर उचलला की पुढून हलका होतो, तेवढ्यासाठी पुढच्या प्लेटा राहू द्या.

भाताच्या चिखलणीत, भंडारा-गोंदियाकडं, केजव्हील (लोखंडी पिंजऱ्यासारखी चाकं) लावतात तिथंही पाणी काढलेलंच बरं, चिखलात जड ट्रॅक्टर पोटावर बसतो.

उसाच्या दोन ट्रॉल्या ओढताना मागची हवा वाढवायची, पुढच्या प्लेटा लावायच्या, आणि ट्रॉली कायम ड्रॉबारलाच (मागं खाली असलेला ओढायचा दांडा), टॉप लिंकच्या जागी किंवा त्याच्या वर साखळी कधीच नाही. ओढ जेवढी वर बांधाल तेवढा ट्रॅक्टर पुढून उठणार. आणि चिखलात रुतला की मागच्या चाकाला आडवं लाकूड बांधून काढायची जी पद्धत आहे ती बंद करा. लाकूड अडलं आणि चाक फिरायचं थांबलं की त्या जागी सगळा ट्रॅक्टरच एक्सलभोवती मागं फिरतो, ड्रायव्हरला क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. रुतला तर चाकापुढची माती खोऱ्यानं काढा, अवजार सोडा, रिव्हर्समध्ये बघा, नाही जमलं तर दुसरा ट्रॅक्टर बोलवा आणि पुढच्या हुकाला लांब साखळी लावून हळू ओढा.

पाणी काढायचं

हे कुणी करत नाही. नांगरट संपली की मेअखेर मी पाणी काढतो. परत ओंडके, जॅक आणि ठोकळे, आधी वाल वर ठेवून हवा पूर्ण सोडायची, मग चाक फिरवून वाल खाली आणायचा, पिन काढायची आणि सोडून द्यायचं. तळाला थोडं राहतं, ते काढायला हवेचा थोडा झोत मारून परत सोडा, दोन-तीनदा केलं की बऱ्यापैकी निघतं. एका चाकाला तास-दीड तास लागतो. पाण्याला ट्यूबचा घाण वास असतो, प्यायच्या हौदाजवळ सोडू नका, म्हशी दोन दिवस तोंड लावत नाहीत.

सगळे आकडे मी मडगार्डच्या आतल्या बाजूला पेंटनं लिहून ठेवलेत. नांगर, मागं १३, पुढं २८, पाणी, प्लेटा. रोटर, मागं १३, पुढं २८, पाणी नाही. ट्रॉली, मागं १८, पुढं ३०. ड्रायव्हर बदलला तरी विचारायला फोन येत नाही.